आयर्लंडकडून खेळला तर भारताचं दार बंद होतं का?

प्रश्न

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. गेली अनेक वर्षं इंग्लंडात, स्विंडनला असतो. पत्नी आयरिश, तिचा जन्म कॉर्कचा. मुलगा इथेच नोव्हेंबर २००९ मध्ये जन्मला आणि एका फुटबॉल क्लबच्या अकादमीत लेफ्ट बॅक (डावा बचावपटू) म्हणून खेळतो. त्याच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. आयरिश पासपोर्ट काढायचा राहूनच गेला. मी स्वतः २०१४ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेतलं. इंग्लंडने मुलाला एकदा शिबिराला बोलावलं, पुढे काही कळवलं नाही. आता आयर्लंडच्या १७ वर्षांखालील संघाकडून युरो (युरोपीय अजिंक्यपद) पात्रता फेरीसाठी विचारणा आली आहे. शुक्रवारपर्यंत होकार-नकार कळवायचा आहे. माझ्या वडिलांचं आयुष्य शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर गेलं. नातू भारताकडून खेळावा ही त्यांची इच्छा आहे, आणि माझीही. आयर्लंडकडून एक सामना खेळला की इंग्लंड आणि भारत कायमचे संपले, असं इथले एक ओळखीचे एजंट सांगतात. खरं आहे का? मुलाला विचारलं तर तो एवढंच म्हणतो, "मला खेळायचंय."

आणखी एक. शेजारच्या गोवेकर मित्राची मुलगी १४ वर्षांची आहे. जन्म म्हापशाचा, आठव्या वर्षी पोर्तुगीज पासपोर्टवर इथे आली. चांगली खेळते. तिला कोणते देश खुले आहेत?

— एक वडील, स्विंडन

उत्तर

शुक्रवारची मुदत आहे, म्हणून निकाल आधी आणि कारणं नंतर. मुलाला आयर्लंडकडून खेळू द्या. १७ वर्षांखालच्या सामन्याने इंग्लंडही संपत नाही आणि भारतही संपत नाही. एजंटांनी सांगितलेला नियम निम्माच आहे, आणि त्याचा उरलेला निम्मा भागच तुमच्या कामाचा आहे.

भारताचा रस्ता मुख्यतः दोन ठिकाणी कायमचा बंद होतो. एक, आयर्लंड किंवा इंग्लंडच्या वरिष्ठ संघाकडून अधिकृत स्पर्धेतला एक जरी सामना खेळला तर. दोन, वयोगटाच्या संघाकडून अधिकृत सामना २१ वा वाढदिवस उलटल्यानंतर खेळला तर. या दोन गोष्टी तुम्हा तिघांनाही तोंडपाठ हव्यात, कारण त्या घडतात तेव्हा कोणी कागद पुढे करून सही मागत नाही. प्रशिक्षक ८८ व्या मिनिटाला हाक मारतो, मुलगा जर्सी चढवून मैदानात उतरतो, आणि झालं.

आता हे असं का, ते पाहू.

फिफाच्या दृष्टीने खेळाडू एखाद्या देशाशी बांधला जातो तो अधिकृत स्पर्धेतल्या सामन्याने. शिबिराला जाणं, सराव करणं, संघाच्या यादीत नाव येणं, राखीव खेळाडू म्हणून नव्वद मिनिटं बाकावर बसणं, यातलं काहीही मोजलं जात नाही. मैत्रीपूर्ण सामनेही बांधत नाहीत. दिएगो कोस्टा मार्च २०१३ मध्ये ब्राझीलकडून दोन मैत्रीपूर्ण सामने खेळला आणि पुढच्याच वर्षी स्पेनकडून विश्वचषकात उतरला. तुमच्या घराला सर्वांत जवळचं उदाहरण डेक्लन राइसचं. लंडनमध्ये जन्मलेला हा मुलगा आयर्लंडच्या वयोगट संघांतून वर आला, २०१८ मध्ये आयर्लंडच्या वरिष्ठ संघाकडून तीन सामने खेळला, तिन्ही मैत्रीपूर्ण. २०१९ मध्ये फिफाची परवानगी घेऊन तो इंग्लंडकडे गेला. त्यातला एक सामना जरी युरो पात्रतेचा किंवा नेशन्स लीगचा असता, तर त्या वेळच्या नियमाने तो आयुष्यभर आयर्लंडचा झाला असता.

नेशन्स लीगकडे मुद्दाम लक्ष वेधतो. २०१८ पासून युरोपात पूर्वीच्या बहुतेक मैत्रीपूर्ण सामन्यांची जागा या स्पर्धेने घेतली आहे. पाहणाऱ्याला ते सामने अजून तसेच वाटतात, पण ते पूर्णपणे अधिकृत आहेत. तसंच फुटसाल (पाच-पाच जणांचा छोट्या मैदानावरचा फुटबॉल) आणि बीच सॉकरचं. नियम 'कोणत्याही प्रकारच्या फुटबॉल'बद्दल बोलतो. देशाच्या फुटसाल संघाकडून अधिकृत स्पर्धा खेळली तर तीही हिशेबात येते.

थोड्या मिनिटांनी किती फरक पडतो ते मुनीर एल हद्दादीने भोगलं. सप्टेंबर २०१४ मध्ये स्पेनने त्याला मॅसेडोनियाविरुद्ध युरो पात्रतेच्या सामन्यात शेवटच्या टप्प्यात बदली खेळाडू म्हणून उतरवलं. वय १९. पुन्हा स्पेनच्या वरिष्ठ संघाने त्याला खेळवलं नाही. वडिलांच्या मोरोक्कोकडून २०१८ चा विश्वचषक खेळावा म्हणून तो क्रीडा लवादापर्यंत गेला आणि हरला. सप्टेंबर २०२० मध्ये फिफाच्या अधिवेशनाने नियम सैल केले, आणि तो २०२१ मध्ये मोरोक्कोकडून उतरला. मधली सहा वर्षं परत आली नाहीत.

२०२० नंतरचा नियम तुमच्या मुलाला लावून पाहू. सगळा खेळ एका प्रश्नावर आहे: पहिला अधिकृत सामना खेळला त्या दिवशी दुसऱ्या देशाचं नागरिकत्व त्याच्याकडे आधीपासून होतं का?

इंग्लंड आणि आयर्लंडच्या बाबतीत उत्तर 'होय' आहे. आई आयर्लंडमध्ये जन्मलेली आयरिश नागरिक, म्हणून मुलगा जन्मतःच आयरिश, पासपोर्ट काढलेला असो वा नसो. फिफाही कायद्याने आपोआप मिळालेलं नागरिकत्व जन्मापासूनच धरते. ब्रिटिश नागरिकत्वही त्याला जन्माने मिळालेलं आहे. अशा खेळाडूला वयोगटाचे कितीही अधिकृत सामने एका देशाकडून खेळून पुढे दुसरीकडे जाता येतं, आणि त्याला वयाची अट नाही. जॅक ग्रीलिश आयर्लंडच्या २१ वर्षांखालील संघापर्यंत खेळला आणि २०१५ मध्ये इंग्लंडकडे गेला. फोलारिन बालोगन इंग्लंडच्या २१ वर्षांखालील संघातून २०२३ मध्ये अमेरिकेकडे गेला. वरिष्ठ संघाचा अधिकृत सामना झाला तरी या दोन देशांपुरती एक फट उरते: वरिष्ठ संघाकडून मैत्रीपूर्ण धरून एकूण तीनपेक्षा जास्त सामने नकोत, शेवटचा अधिकृत सामना २१ व्या वाढदिवसाआधीचा हवा, विश्वचषक किंवा युरोच्या मुख्य स्पर्धेत एक मिनिटही खेळलेलं नको, आणि वरिष्ठ संघाच्या शेवटच्या सामन्यानंतर तीन वर्षं जायला हवीत. या फटीच्या भरवशावर काही ठरवू नका. १९ ते २२ ही तीन वर्षं राष्ट्रीय संघाविना काढणं बचावपटूला परवडत नाही.

भारताच्या बाबतीत उत्तर 'नाही' आहे. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. नावात 'सिटिझन' असल्यामुळे खूप कुटुंबं इथे फसतात. आयर्लंडकडून पहिला सामना खेळताना मुलगा भारतीय नसेल, म्हणून त्याला नियमाचं वेगळं कलम लागतं. त्यात वरिष्ठ संघाची फट मुळीच नाही. वयोगटाचा शेवटचा अधिकृत सामना २१ पूर्ण होण्याआधीचा हवा, आणि नवीन देशाशी खरं नातं हवं: स्वतःचा, आई-वडिलांपैकी एकाचा किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म तिथला, किंवा ठरावीक वर्षांचं वास्तव्य. तुमचा जन्म कोल्हापूरचा, म्हणजे नात्याची अट सुटली. उरते तारीख. तुमच्या मुलाला २१ वर्षं नोव्हेंबर २०३० मध्ये पूर्ण होतील.

या तारखेत एक फसवी जागा आहे. २१ वर्षांखालची युरो स्पर्धा दोन वर्षं चालते आणि वय मोजतात ते फेरी सुरू होताना. त्यामुळे त्या संघात २२-२३ वर्षांचे खेळाडू सर्रास असतात. संघाचं नाव '२१ वर्षांखालील' आहे म्हणून आपण २१ च्या आतच आहोत, असं धरून चालू नका.

आणि देश बदलता येतो एकदाच. आयर्लंडच्या वयोगटातून अधिकृत बदल करून इंग्लंडकडे गेला आणि तिथे एक सामना खेळला, तर ती एकमेव संधी संपली. मग भारत नाही. परवानगी मिळाली पण नव्या देशाकडून अजून एकही सामना खेळलेला नसेल, तरच मागे फिरता येतं. तेव्हा भारत मनात असेल तर आयर्लंडकडून इंग्लंडकडे उडी मारायच्या आधी दहादा विचार करा.

आता भारताविषयी सविस्तर, कारण खरी इच्छा तीच आहे आणि तिथली अडचण फिफाची नसून आपल्या कायद्याची आहे.

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. डिसेंबर २००८ मध्ये क्रीडा मंत्रालयाने ठरवलं की देशाकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच हवा. त्याआधी टेनिसपटू प्रकाश अमृतराज अमेरिकी पासपोर्टवर भारताकडून डेव्हिस चषक खेळला होता. त्यानंतर ते थांबलं. न्यूकॅसलकडून खेळलेल्या मायकेल चोप्राला भारताकडून खेळायचं होतं, पण ब्रिटिश पासपोर्ट सोडल्याशिवाय ते शक्य नव्हतं आणि ते झालं नाही. पासपोर्ट सोडणारेही झाले. जपानमध्ये जन्मलेला, गुजराती वडिलांचा आणि जपानी आईचा अराता इझुमी पुणे एफसीकडून खेळत असताना जपानी नागरिकत्व सोडून भारतीय झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला. अगदी अलीकडचा रायन विल्यम्स: पर्थचा, आई मुंबईची. त्याने ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ संघाकडून २०१९ मध्ये एक मैत्रीपूर्ण सामना खेळला होता. बेंगळुरू एफसीत असताना त्याने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो भारताच्या शिबिरात दाखल झाला. पण १८ नोव्हेंबरच्या ढाक्यातल्या बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात तो नव्हता, कारण देशबदलाची परवानगी तोवर हाती आलेली नव्हती. पासपोर्ट हातात आला की उद्या सामना, असं होत नाही. दोन वेगवेगळ्या कचेऱ्यांची दोन वेगवेगळी कामं आहेत.

तुमच्या मुलासाठी नागरिकत्व कायदा १९५५ च्या पाचव्या कलमात दोन वाटा आहेत. पालक पूर्वी भारताचा नागरिक होता ही एक, ओसीआय कार्ड पाच वर्षांहून जुनं आहे ही दुसरी. दोन्हींत वय १८ पूर्ण हवं आणि अर्जाच्या लगेच आधीचे १२ महिने भारतात राहिलेलं हवं. अर्ज ऑनलाइन भरायचा, छापील प्रत कागदांसह जिथे राहतो तिथल्या जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची; कोल्हापुरात आजोबांकडे राहिला तर कोल्हापूरला. तिथून चौकशी होऊन प्रकरण राज्य सरकारकडे आणि पुढे केंद्रीय गृहखात्याकडे जातं. मंजुरीचं पत्र आल्यावर परदेशी नागरिकत्व सोडल्याचा पुरावा द्यावा लागतो, मग प्रमाणपत्र, मग पासपोर्ट. एक वर्ष राहणं आणि त्यावर कागद फिरण्याचा वेळ. दोन वर्षं हातात धरूनच बेत करा. नोव्हेंबर २०२७ मध्ये १८ पूर्ण होतील, म्हणजे २०२९-३० च्या आधी भारताची जर्सी कागदावरही दिसत नाही.

बारा महिन्यांच्या अटीत खेळाडू नेमका अडकतो. सुट्टीला इंग्लंडला जाणं, आयर्लंडच्या शिबिराला आठवडाभर जाणं, हे सगळे दिवस मोजले जातात. मधल्या खंडांना मिळणारी सूट फार तर ३० दिवसांची, आणि तीही सरकारच्या मर्जीवर. त्या वर्षात तो खेळणार कुठे, हा त्याहून कठीण प्रश्न आहे. इंडियन सुपर लीगमध्ये ओसीआय कार्डधारक परदेशी खेळाडूंच्या कोट्यात धरला जात आला आहे. संघात परदेशी सहा, मैदानावर एका वेळी चार. ती जागा कोणताही क्लब तिशीच्या स्पॅनिश किंवा ब्राझिलियन खेळाडूला देईल, १८ वर्षांच्या लेफ्ट बॅकला नाही. शिवाय २०२५-२६ चा हंगाम व्यावसायिक हक्कांच्या गोंधळामुळे वेळेवर सुरूच झाला नाही. अठराव्या वर्षी एक हंगाम सामन्यांविना गेला तर युरोपातला क्लब पुढचा करार देताना तो हंगाम पाहतोच. तुम्ही दोघांनी याचा विचार इच्छेपासून वेगळा काढून करायला हवा.

मग परदेशी नागरिकत्व सोडणं. एक नाही, दोन्ही, ब्रिटिशही आणि आयरिशही. ब्रिटिश कायद्यात एक सोय आहे: दुसरं नागरिकत्व मिळवण्यासाठी ते सोडावं लागलं असेल तर पुढे एकदाच हक्काने परत मागता येतं. पण परत घेतलं की त्याच क्षणी भारतीय नागरिकत्व जातं आणि भारताचा संघही. शिवाय केवळ भारतीय पासपोर्टवर इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळायचं तर फुटबॉल असोसिएशनची मान्यता लागते. तिच्या गुणांत वरिष्ठ आंतरराष्ट्रीय सामने धरतात ते फिफा क्रमवारीतल्या पहिल्या पन्नास देशांचेच. भारत आज शंभराच्याही खूप खाली आहे. म्हणजे भारताकडून खेळलेले सामने त्याला स्विंडनला परत यायला उपयोगी पडणार नाहीत. इझुमी आणि विल्यम्स दोघेही हा निर्णय घेताना भारतीय क्लबमध्ये स्थिरावलेले, पोटापाण्याची सोय भारतातच असलेले खेळाडू होते. तुमच्या मुलाच्या हातात आज त्यातलं काहीच नाही.

वडिलांना हे असंच सांगा, गोड करून नको. फुटबॉल कळणाऱ्या माणसाला खरी अडचण समजते. अनिकेत जाधव कोल्हापुरातूनच २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तो भारतीय पासपोर्टवर, इथल्याच व्यवस्थेतून. नातवाची वाट वेगळी आहे. ती २० च्या आसपास पुन्हा उघडून पाहता येईल, आणि तोवर ती बंद होणार नाही याची काळजी घेता येईल. आज एवढंच वचन त्यांना देता येतं.

कागदांचं काम मात्र आजपासून. सर्वांत आधी आयरिश पासपोर्ट. अर्ज ऑनलाइन होतो, पण १८ खालच्या मुलासाठी पालकांची संमती लागते आणि ती मान्य यादीतल्या साक्षीदारासमोर सही करून द्यावी लागते. आईचा आयरिश जन्मदाखला आणि तुमचा विवाहदाखला जोडा. मुलाचा ब्रिटिश जन्मदाखला पूर्ण नमुन्यातला घ्या. रुग्णालयातून आल्यावर बहुतेकांच्या हाती आखूड दाखला येतो, त्यावर आई-वडिलांची नावंच नसतात, आणि अर्ज तिथेच अडतो. पूर्ण नमुना नोंदणी कार्यालयातून थोड्या शुल्कात मिळतो.

दुसरं, तुमचा स्वतःचा जन्मदाखला. आज तो कोणी मागणार नाही, पण भारताचा विषय निघाला की सगळं त्याच्यावर उभं राहणार आहे. महापालिकेच्या जुन्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं, 'मुलगा' एवढंच लिहिलेलं असतं आणि वडिलांचं नाव. तसं असेल तर नाव नोंदवून घ्यायला आत्ता वेळ आहे, कारण वडील हयात आहेत आणि सही करू शकतात. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तुमच्या जुन्या भारतीय पासपोर्टवर, ब्रिटिश कागदांवर आणि मुलाच्या दाखल्यावर एकसारखं आहे का ते पाहा. मधलं नाव वडिलांचं लावायची आपली पद्धत परदेशी कारकुनाला समजत नाही. तो बाप आणि लेक दोन वेगळ्या घरांतले समजतो. फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा. दाखला फक्त मराठीत असेल तर अधिकृत इंग्रजी भाषांतर आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का) घ्या. शाळा सोडल्याचा दाखला याला पर्याय नाही. तुमचा रद्द केलेला भारतीय पासपोर्ट आणि तो परत केल्याचं प्रमाणपत्रही याच फाइलमध्ये ठेवा.

हे दाखले स्वतः किंवा घरच्या माणसाने नोंदणी कार्यालयातून काढावेत. एजंटाकडून नकोत. सप्टेंबर २०२५ मध्ये फिफाने मलेशियाच्या सात खेळाडूंना १२ महिने बंदी घातली आणि त्यांच्या संघटनेला साडेतीन लाख स्विस फ्रँकचा दंड केला, कारण आजी-आजोबांचे जन्म मलेशियात झाल्याचे कागद खोटे निघाले. कागद कोणी बनवले हा वाद चालू राहतो, मैदानाबाहेर मात्र खेळाडू बसतो.

पुढे कधी देश बदलायचा झालाच तर अर्ज नव्या देशाची संघटना फिफाकडे करते आणि निर्णय खेळाडू दर्जा कक्ष देतो. त्यात खेळाडूचं सहीचं पत्र, पासपोर्ट, जन्मदाखले, नागरिकत्व कधीपासून आहे याचा सरकारी पुरावा आणि जुन्या देशाकडून खेळलेल्या सामन्यांची यादी असते. अर्ज प्रलंबित असेपर्यंत खेळाडू कोणत्याच राष्ट्रीय संघाकडून खेळू शकत नाही, म्हणून तो सामन्याच्या तोंडावर करायचा नसतो. सामन्यांची यादी तुम्ही स्वतः आजपासून ठेवा: तारीख, स्पर्धेचं नाव, प्रतिस्पर्धी, किती मिनिटं खेळला, अधिकृत की मैत्रीपूर्ण. दहा वर्षांनी कोणत्याही संघटनेच्या दप्तरापेक्षा ती वही जास्त भरवशाची ठरते.

इंग्लंडचं काय? त्यांनी एकदा बोलावून पुढे विचारलं नाही, याचा अर्थ दार लावलं असा नाही. त्या वयोगटात मुलं भरपूर असतात आणि यादी दर शिबिराला बदलते. पण विचारणा आयर्लंडने केली आहे आणि पात्रता फेरीत युरोपातल्या संघांविरुद्ध खेळण्याचा अनुभव आत्ताचा आहे. इंग्लंडच्या बोलावण्यासाठी तो सोडण्यात काही शहाणपण नाही, कारण वयोगटात आयर्लंडकडून खेळल्याने इंग्लंडचं काही बिघडत नाही. अकादमीला मात्र आधी विचारा. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखून ठेवलेल्या तारखांच्या बाहेर मुलाला सोडणं क्लबवर बंधनकारक नसतं, आणि क्लबला अंधारात ठेवून गेलेल्या मुलाची पुढच्या करारात अडचण होऊ शकते.

मुलगा "मला खेळायचंय" म्हणतो त्याला उत्तर म्हणून धरा. सोळा वर्षांच्या मुलाला तीन देशांतून एक निवड असं विचारलं तर तो आई, बाबा आणि आजोबा यांच्यातून एकाला निवडायला सांगितल्यासारखा गप्प बसतो. त्याला आज एवढंच विचारा की या फेरीत खेळायचं का. वरिष्ठ संघाचा प्रश्न आला तर तो वीसच्या आसपास येईल, आणि तेव्हा निर्णय त्याचा असेल. फक्त हे त्याला आताच समजावून ठेवा: कोणत्याही देशाच्या वरिष्ठ संघाकडून बोलावणं आलं तर 'हो' म्हणण्याआधी सामना अधिकृत आहे का ते विचारायचं आणि घरी फोन करायचा. संघटनांना होतकरू खेळाडू लवकर बांधून घ्यायचा असतो. त्यात वावगं काही नाही, पण त्यांची घाई ही आपली घाई नसते.

गोवेकर मित्राच्या मुलीचं थोडक्यात. पोर्तुगीज पासपोर्ट घेतला तेव्हाच तिचं भारतीय नागरिकत्व संपलं. तिला भारताकडून खेळायचं तर अठरानंतर वर सांगितलेलीच वाट आहे. इंग्लंड तिला सर्वांत सोपं. ती आठव्या वर्षी आली आणि सहा वर्षं तिथेच राहते आहे, म्हणजे वास्तव्याची अट पूर्ण झाली. तिला ब्रिटिश नागरिकत्व मिळालं की ती पात्र ठरते, म्हणून त्या अर्जाला लागा आणि शाळेच्या हजेरीचे, पत्त्याचे पुरावे वर्षवार जपा. पोर्तुगालचं काम नाजूक आहे. नागरिकत्व जन्मापासूनचं धरायचं की नंतर मिळवलेलं, हे लिस्बनच्या नोंदीत काय आणि कशाच्या आधारे लिहिलं आहे त्यावर ठरेल. नंतर मिळवलेलं धरलं तर जन्म, पालक, आजी-आजोबा किंवा वास्तव्य यातलं काहीतरी पोर्तुगालच्या भूमीवरचं लागेल, आणि गोव्यातले जन्म त्याला पुरतील असं गृहीत धरू नका. पोर्तुगालकडून विचारणा आलीच तर त्यांच्या संघटनेला फिफाकडून लेखी उत्तर आणायला सांगा, तोवर मुलीला अधिकृत सामन्यात उतरवू नका.

तुमचं शुक्रवारचं पत्र साधं असू द्या. मुलगा उपलब्ध आहे. आयरिश नागरिकत्व आईकडून जन्मतः आहे आणि पासपोर्टचा अर्ज अमुक तारखेला केला आहे. क्लबची संमती घेतली आहे. त्यासोबत चार गोष्टी लेखी विचारा: या फेरीतले कोणते सामने अधिकृत आहेत, पासपोर्ट कोणत्या तारखेपर्यंत हातात लागेल, दुखापत झाल्यास उपचार आणि विमा कोणाचा, आणि त्या आठवड्यात शाळेच्या परीक्षा आल्या तर काय सोय. पासपोर्ट वेळेत येत नसेल तर तेही आधीच कळवा, म्हणजे ते त्याला नुसतं शिबिराला बोलावतील किंवा पुढच्या फेरीसाठी नाव ठेवतील. पत्राची एक प्रत मुलाच्या फाइलमध्ये, जन्मदाखल्यांच्या शेजारी लावा.